बेरीज जुळली, तरी कण निसटतच राहिले

नवतप्याचे दिवस होते. दुपारी बारानंतर नागपुरात बाहेर पडायची सोय नसते. कूलरसमोर बसून जे होईल ते करायचं. भाची बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा आटोपून वर्ध्याहून आली होती. आदल्या दिवशी आम्ही गांधीसागर तलावाजवळच्या रमण विज्ञान केंद्रात तारांगणाचा खेळ बघून आलो होतो आणि तारकागुच्छांबद्दलचे तिचे प्रश्न घरी येईपर्यंत संपले नव्हते. मी इतवारीतल्या व्यापाऱ्यांना बिलाचं आणि खातेवहीचं सॉफ्टवेअर करून देतो. खगोलशास्त्र हा माझा प्रांत नाही. पण ‘प्रत्येक कण दुसऱ्या प्रत्येक कणाला ओढतो, एवढाच नियम असेल तर तो संगणकाला सांगणं काय अवघड?’ असं मी बोलून गेलो आणि अडकलो.

पुढच्या आठ-दहा दिवसांत त्यासाठी लिहिलेल्या संगणकाच्या प्रोग्रामने आम्हाला चारदा बुचकळ्यात टाकलं. त्यातल्या तीन वेळा पडद्यावर साधारण एकच दृश्य होतं: जवळ यायला हवे ते कण दूर पळताहेत. कारणं मात्र वेगवेगळी निघाली, आणि शेवटचं कारण तर दोष नव्हताच.

मांडणी साधी होती. ब्राउझरमध्ये चालणारा जावास्क्रिप्टचा कोड, चारशे कण, एका गोळ्यात कुठेही विखुरलेले आणि सुरुवातीला सगळे स्थिर. न्यूटनचा नियम जसाच्या तसा: ओढ वस्तुमानांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. आकडे हाताळायला सोपे पडावेत म्हणून गुरुत्वस्थिरांक १, गोळ्याची त्रिज्या १, एकूण वस्तुमानही १. म्हणजे एका कणाचं वस्तुमान ०.००२५. वेळ ०.०१च्या पावलांनी पुढे सरकायची. चारशे कणांच्या जोड्या होतात ७९,८००. एवढ्या जोड्यांची ओढ दर पावलाला काढायची. आजच्या साध्या लॅपटॉपला हे काम पापणी लवायच्या आत जमतं. १९४१ मध्ये स्वीडनच्या एरिक होल्मबर्ग यांच्याकडे संगणक नव्हता, तेव्हा दीर्घिकांची एकमेकींवरची ओढ काढायला त्यांनी टेबलावर दिवे मांडले होते! प्रकाशही अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो, म्हणून एकेका दीर्घिकेसाठी ३७ दिवे, प्रत्येक जागी किती उजेड पडतो ते फोटोसेलने मोजायचं, त्यावरून ओढ ठरवायची आणि दिवे हाताने सरकवायचे. आमचं काम त्या मानाने ऐषारामाचं होतं.

आमची अपेक्षा अशी की कण हळूहळू जवळ येतील आणि मधोमध लाडू वळला जाईल. सुरू केल्यावर दोन सेकंद अगदी तसंच झालं. गोळा आकसत गेला, मध्यभागी दाटी झाली, आणि पुढच्याच क्षणी दिवाळीतलं अनार फुटावं तसे कण चहूकडे उडाले. पडदा रिकामा.

“मामा, हे तर पळूनच राहिले ना बाप्पा!” भाची म्हणाली.

माझी पहिली चूक

इथे मी जे केलं ते सांगायला जड जातं, कारण धंद्यात मी हेच करणाऱ्यांवर वैतागतो. कणांच्या वेगाला मी एक कमाल मर्यादा घातली. तिच्यापुढे वेग गेला की कापून टाकायचा. शिवाय पडद्याच्या चारी बाजूंना भिंती, आपटला की कण परत आत. कोडच्या चार-पाच ओळी. मग पडद्यावर उकळत्या तर्रीसारखा खदखदणारा एक गुच्छ दिसू लागला. दिसायला झकास. मी चहा टाकायला उठलो.

परत आलो तर भाची पडद्याकडे बघत बसलेली. “मामा, सगळे कण सुरुवातीला थांबलेले होते. मग ही एवढी खदखद कुठून येऊन राहिली? आणि तुम्ही वेग कापता तेव्हा तो जातो कुठे?”

एका गिऱ्हाइकाची रोकडवही रोज जुळत नसे आणि रोज संध्याकाळी तो ‘किरकोळ खर्च’ म्हणून नेमकी तेवढीच रक्कम टाकून मोकळा व्हायचा. वेगाची मर्यादा म्हणजे माझा किरकोळ खर्च होता. मी त्या ओळी काढल्या आणि आधी खातेवही मांडली.

खाती तीन: एकूण ऊर्जा, एकूण संवेग (वस्तुमान गुणिले वेग) आणि एकूण कोनीय संवेग (फिरण्यातला संवेग). बाहेरून कोणी ढकलत नसेल तर या तिन्हींचे आकडे कणांनी आपसात काहीही केलं तरी बदलता कामा नयेत. कणांमधली देवाणघेवाण जमा-नावेसारखी. एकाचं वाढलं तर दुसऱ्याचं तेवढंच कमी. ऊर्जेच्या खात्याची सुरुवातीची शिल्लकही आधीच काढता येते. एकसारख्या भरलेल्या गोळ्याची गुरुत्वीय ऊर्जा वजा तीन पंचमांश, म्हणजे आमच्या एककांत उणे ०.६. कण स्थिर, तेव्हा गतिज ऊर्जा शून्य. उणे याचा अर्थ उधारी: सगळे कण एकमेकांपासून कायमचे सोडवायचे तर पदरचे ०.६ भरावे लागतील. म्हणजे हा आकडा उणे आहे तोवर सगळेच्या सगळे कण पळून जाणं अशक्य. आमच्या पडद्यावर ते गेले होते. खातं कुठेतरी फुटलं होतं हे आता नक्की झालं.

दर पावलाला आकडे छापायला लावले. आकसायला लागलेला वेळ पुस्तकी उत्तराशी जुळत होता: अशा गोळ्याला मध्यात कोसळायला १.११ एकक वेळ लागतो आणि आमची दाटी १११व्या पावलाच्या आसपासच होत होती. नियम बरोबर लिहिला गेला होता. पण त्या दाटीतच ऊर्जेचा आकडा एका पावलात उण्यातून थेट अधिकात गेला.

त्या पावलावर थांबून सगळ्यात जवळची जोडी शोधली. दोन कणांमधलं अंतर सुमारे ०.००१. आता हातानेच गणित करू. अंतराचा वर्ग ०.००००१, छे, आणखी एक शून्य: ०.०००००१. वस्तुमान भागिले तो वर्ग, म्हणजे त्वरण २,५००. एका पावलाचा वेळ ०.०१, म्हणजे एका झटक्यात वेगात २५ची भर. खरोखर दोन असे कण स्थिर अवस्थेतून एकमेकांकडे येत येत तेवढ्या अंतरावर पोचले असते, तर प्रत्येकाचा वेग जेमतेम दीडच्या पुढे गेला असता. वेग २५ म्हणजे एका कणाची गतिज ऊर्जा ०.७८. चारशे कणांच्या सबंध गोळ्याची उधारी ०.६ आणि एकटा कण ०.७८ खिशात घालून चाललाय!

हे होतं कसं? खऱ्या जगात कण जवळ येताना ओढ वेग वाढवते आणि एकमेकांना ओलांडून गेल्यावर तीच ओढ तो परत काढून घेते. घेणं-देणं फिटतं. आमचा संगणक मात्र मधला प्रवास बघतच नव्हता. एका पावलाला त्याने दोन कण चिकटलेले पाहिले आणि भरमसाट वेग दिला. पुढच्या पावलाला बघतो तर ते प्रत्येकी पाव त्रिज्या दूर. वेग परत घ्यायची वेळ आली तेव्हा गिऱ्हाईक दुकानातून केव्हाच निघून गेलं होतं.

यावरचा उपाय या क्षेत्रात जुना आहे. अंतराच्या वर्गात एक छोटा स्थिर वर्ग मिळवायचा, म्हणजे अंतर शून्य झालं तरी भागाकार बेफाम होत नाही. त्यासाठी वापरतात ते सूत्र प्लमर यांच्या नावाने ओळखलं जातं. गोलाकार तारकागुच्छांमधली ताऱ्यांची दाटी कशी बदलते ते मांडायला त्यांनी ते १९११ मध्ये वापरलं होतं. याने ओढ मऊ होते. ज्या लांबीचा वर्ग मिळवायचा ती मऊपणाची लांबी आम्ही ०.०५ घेतली. मग एका कणाकडून मिळू शकणारं कमाल त्वरण येतं ०.३८५. कुठे २,५०० आणि कुठे हे.

“म्हणजे हीसुद्धा तुमच्या त्या मर्यादेसारखीच थाप झाली ना?” भाचीचा प्रश्न रास्त होता आणि उत्तर द्यायला मला रात्र लागली. फरक असा की कापलेल्या वेगाला कोणत्याच खात्यात जागा नाही. मऊ केलेल्या ओढीला स्वतःची स्थितिज ऊर्जा असते, तिचं सूत्र लिहिता येतं आणि वही जुळते. आपण फक्त वेगळ्या वस्तूचा हिशेब करतो: टोकदार बिंदूंऐवजी ०.०५ आकाराचे धुक्याचे गोळे. सुरुवातीची शिल्लक त्याने किंचित बदलते, पण बदलली किती ते माहीत असतं. नाही तरी आमचा एक कण हजारो ताऱ्यांच्या वतीने उभा होता, तो बिंदू असण्याचा हट्ट कशाला?

सरकणारा गुच्छ

स्फोट थांबला. गोळा कोसळायचा, उसळायचा आणि मग मध्ये दाट, कडेला विरळ असा गुच्छ स्थिरावायचा. रात्री संगणक चालू ठेवून गच्चीवर झोपायला गेलो. सकाळी गुच्छ पडद्यावर नव्हता! फुटला नव्हता, आख्खाच्या आख्खा उजव्या कोपऱ्याकडे सरकत बाहेर गेला होता.

वहीमुळे हे लवकर सुटलं. संवेग शून्यापासून सुरू होऊन शून्याबाहेर गेला होता, म्हणजे क्रिया-प्रतिक्रिया सारख्या पडत नव्हत्या. मी कणांची ओढ एकेकाने काढत होतो आणि काढली की लगेच त्या कणाला पुढे सरकवत होतो. त्यामुळे दुसऱ्या कणाच्या वाट्याला पहिल्याची जुनी जागा न येता नवी येत होती. पहिल्याने दुसऱ्याला जुन्या भावाने विकलं, दुसऱ्याने पहिल्याला नव्या भावाने. आधी सगळ्यांची ओढ काढायची, जोडीची ओढ एकदाच मोजून दोघांना उलट चिन्हाने द्यायची आणि मगच सगळ्यांना हलवायचं, असं केल्यावर संवेग दशांशचिन्हानंतरच्या पंधराव्या-सोळाव्या स्थानावर रेंगाळू लागला. तेवढी कुरबुर संगणकाच्या अंकगणिताचीच असते. ०.१ आणि ०.२ मिळवले तर जावास्क्रिप्ट ०.३००००००००००००००४ असं काहीसं सांगतं, म्हणूनच बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये मी रुपये न ठेवता पैसे ठेवतो, पूर्णांकात.

घाण्याचा बैल

संवेग जुळला, ऊर्जा मात्र अजूनही वर चढत होती. झटका नाही, मुंगीच्या पावलांनी. गुच्छ दर तासाला थोडा फुगायचा.

चारशे कणांत चोर सापडत नाही म्हणून आम्ही दोनवर आलो. मध्यभागी सूर्य खिळ्याने ठोकलेला, १ अंतरावर पृथ्वी, वर्तुळाकार कक्षेला हवा तेवढा वेग १. एक फेरी म्हणजे २π एकक वेळ, साधारण ६२८ पावलं. खऱ्या वर्षाशी तुलना केली तर एक पाऊल सुमारे १४ तासांचं. बऱ्यापैकी बारीक वाटतं ना? पण एका वर्षाने पृथ्वीचं सूर्यापासूनचं अंतर सुमारे ११ टक्क्यांनी वाढलेलं होतं. दहा वर्षांनी दीडपटीच्या पुढे. मंगळही इतकाच, दीडपट अंतरावर आहे.

माझ्या कोडमध्ये दोन ओळी होत्या: आधी जुन्या वेगाने जागा पुढे न्यायची, मग वेग बदलायचा. ऑयलरच्या नावाची ही सगळ्यात सरळ रीत. घाण्याला जुंपलेला बैल डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक पावलाला तो नाकासमोर सरळ जातो आणि लाट, म्हणजे घाण्याचं लाकूड, त्याला आत वळवते. आता लाट नेहमी एक पाऊल उशिरा ओढते असं समजा. वर्तुळाची स्पर्शिका कधीच वर्तुळाच्या आत जात नाही, बाहेरच जाते. म्हणून चूक दर पावलाला एकाच दिशेने होते, बैलाची फेरी दरवेळी थोडी मोठी पडते. एकदा जास्त, एकदा कमी असं झालं असतं तर चाललं असतं. एकाच बाजूचा फरक मात्र, पैशाचा असला तरी, वर्षअखेरीस दिसतोच.

पावलं बारीक करून पाहिली. गळती कमी झाली, बंद झाली नाही. मग भाचीने तिच्या पुस्तकावरून सुचवलं म्हणून त्या दोन ओळींची अदलाबदल केली. आधी वेग बदलायचा, मग त्या नव्या वेगाने जागा. एकही नवं अक्षर लिहिलं नाही, फक्त खालची ओळ वर घेतली. पृथ्वी कक्षेत राहिली! शंभर वर्षं चालवली तरी ऊर्जा थोडी वर, थोडी खाली अशी झोके घेत होती, पण घसरत नव्हती. इतकी वर्षं कोड लिहितोय, ओळींच्या क्रमाचा एवढा मोठा परिणाम क्वचितच पाहिला.

याहून सुबक रीत म्हणजे वेग पावलाच्या मध्यावर मोजायचा आणि जागा पावलाच्या टोकाला, बेडकाच्या उड्यांसारखं आळीपाळीने. व्हर्ले यांनी १९६७ मध्ये द्रवरूप आर्गॉनच्या अणूंसाठी ती वापरल्यामुळे त्यांचं नाव तिला चिकटलं. त्याआधी १९०७ मध्ये स्टॉर्मर यांनी ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासात विद्युतभारित कणांच्या वाटा काढायला तीच वापरली होती. आणि न्यूटनने १६८७च्या ‘प्रिन्सिपिया’त ग्रह सारख्या वेळात सारखं क्षेत्रफळ कापतो हे सिद्ध करताना मांडणी अशीच केली आहे: थोडा वेळ सरळ चाल, मग केंद्राकडे एक झटका, पुन्हा सरळ चाल. त्या रीतीत कोनीय संवेग नेमका टिकतो, आणि आमचं तिसरं खातंही त्यामुळे आपोआप जुळलं.

आता तर काहीच चुकत नव्हतं

चारशे कणांवर परत आलो. तिन्ही खाती जुळलेली. मी कोडची प्रत जपून ठेवली आणि विषय संपला असं धरून इतवारीतल्या कामाला लागलो.

दोन दिवसांनी भाचीने बोलावलं. कण परत निसटत होते. पहिल्या कोसळण्याच्या वेळी काही सुटून गेले होतेच, पण गुच्छ स्थिरावल्यावरही मधूनच एखादा बाहेर पडायचा आणि परत यायचा नाही. उरलेल्या गुच्छाचा मधला भाग आणखी दाट व्हायचा. मी आधी मऊपणाच्या लांबीवर संशय घेतला, मग पावलावर. दोन्ही बारीक केले तरी निसटणं होतंच. वही मात्र पैशाला पैसा जुळत होती. माझा जीव तिथेच अडला: बेरीज बरोबर असताना चोरी म्हणायची कशी?

चोरी नव्हतीच. एकूण उणे ०.६ हे सगळ्यांचं मिळून आहे. त्यात एखाद्याचं स्वतःचं खातं अधिकात जायला काही आडकाठी नाही, बाकीचे तेवढे खोल उधारीत गेले म्हणजे झालं. गोळा कोसळताना मधली ओढ झपाट्याने बदलते, त्या गडबडीत काही कणांना जास्तीची ऊर्जा मिळते. नंतर कण एकमेकांजवळून जाताना थोडीथोडी देवाणघेवाण चालू राहते आणि ज्याच्या पदरात पुरेशी पडते तो निघतो. खरे तारकागुच्छही असेच विरतात. पॅलोमार ५ या गोलाकार गुच्छाच्या दोन्ही बाजूंना त्यातून सुटलेल्या ताऱ्यांच्या लांबच लांब शेपट्या दिसतात. तिथे बाहेर ओढायला आपल्या आकाशगंगेचीही मदत होते.

मध्यभाग दाट का होतो, हे त्याहून मजेशीर आहे. स्थिरावलेल्या गुच्छात गतिज ऊर्जेची दुप्पट आणि स्थितिज ऊर्जा यांची बेरीज शून्य भरते. आमच्या गुच्छात गतिज ०.६ आणि स्थितिज उणे १.२, मिळून उणे ०.६. आता समजा गुच्छाने ०.१ ऊर्जा बाहेर दिली. एकूण उणे ०.७. नियमाप्रमाणे गतिज ०.७, स्थितिज उणे १.४. म्हणजे ऊर्जा घालवली आणि कण आधीपेक्षा जोरात धावू लागले! चुलीवरून उतरवलेलं पातेलं निवतं. गुच्छ ऊर्जा घालवून तापतो, तापला की आणखी घालवतो, आणि आकसत जातो. हवेच्या घर्षणाने खाली येणारा उपग्रह संथ न होता वेगवान होतो, त्यातलाच प्रकार. लिंडन-बेल आणि वुड यांनी १९६८ मध्ये गुच्छांच्या या वागण्याचं गणित मांडलं. आम्ही ‘लाडू वळेल’ म्हणालो होतो ते अर्धंच खरं ठरलं: लाडू वळतो तो थोडा भुगा बाहेर फेकूनच.

त्या रात्री गच्चीवर ओमेगा सेंटॉरी शोधला. नरतुरंग समूहातला हा गुच्छ सुमारे १७ हजार प्रकाशवर्षांवर आहे आणि त्यात कोटीभर तारे आहेत. नागपूरहून तो दक्षिणेला, फार तर एकवीस अंश वर येतो. आमच्या दक्षिणेला वर्धा रोडचे दिवे आणि वर दिवसभराची धूळ. नाही दिसला.

जायच्या आदल्या दिवशी भाचीने एक शेवटचा ताळा काढला. बेडूकउडीची रीत मागेही तितकीच नीट चालते. म्हणून गोळा कोसळून उसळल्यावर वेळ २ झाली की तिने थांबवलं, चारशेही कणांच्या वेगांची चिन्हं उलटी केली आणि पुन्हा सुरू केलं. उडालेले कण परत मध्ये आले, दाटी झाली, आणि दोनशे पावलांनी सगळे आपापल्या पहिल्या जागी येऊन थांबले. फुटलेलं अनार परत बंद झालं.

मग तिने तोच प्रयोग जास्त वेळ चालवून केला, मग आणखी जास्त. एका टप्प्यापुढे गोळा परत जमेना. उलटे निघालेले कण काही वेळ शहाण्यासारखे मागे यायचे आणि मग वाट चुकायचे. सोळाव्या स्थानावरची ती कुरबुर दर भेटीगणिक वाढत वाढत आता अख्ख्या गोळ्याएवढी झाली होती. वही उघडून पाहिली. ऊर्जा, संवेग, कोनीय संवेग, सगळं जागच्या जागी.

“म्हणजे बेरीज बरोबर, पण कोणाचे पैसे कोणाकडे गेले ते विसरलं हे,” भाची म्हणाली आणि लॅपटॉप कूलरच्या तोंडाशी नेऊन ठेवला.